मी आहे तोवर

परदेशात गेलं की घड्याळ बदलावं लागतं, असं वर्षाराणीनं ऐकलं होतं. श्रीलंकेत ते बदलावं लागलं नाही. रेणापूरला पाच वाजले की इथंही पाचच वाजत, आणि नेमका याचाच तिला त्रास होत होता. वेळ वेगळी असती तर मनाला समजावता आलं असतं, की तिकडं अजून उजाडायचंय, किंवा तिकडं एव्हाना होऊन गेलं असेल. तशी सोय नव्हती. त्या दिवशीही डोळा रोजच्याच वेळेला उघडला आणि पहिला विचार आला तो हाच, की आत्ता, या घटकेला, अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बशी ठेवायची वेळ झाली.

पुनम, तिची मुलगी, आणि पुनमच्या ऑफिसातली मैत्रीण प्रियदर्शनी कधीच उठून बुटांचे बंद बांधत होत्या. त्यांना धबधबे बघायला जायचं होतं. वर्षाराणीचा घोटा आगगाडीतून उतरताना मुरगळला होता आणि रात्रीतून चांगलाच टम्म झाला होता. तिच्या पायाखाली उशी सरकवत पुनम म्हणाली, "मम्मी, आज तू काहीच करायचं नाही. चहा प्यायचा, लिहायचं, परत चहा प्यायचा. आणि पप्पांना सारखा फोन लावू नको. एक बशी चहा ठेवायला काय ट्रेनिंग लागतंय?"

प्रियदर्शनी हसली. वर्षाराणीही हसली. दोघींचे आवाज उतारावर विरले, आणि मग ती लंगडत पडवीत आली, खुर्चीत बसली आणि तिनं घरी फोन लावला.

"ठेवला का?" तिनं विचारलं.

"ठेवला," बालाजी म्हणाले.

"आला का?"

पलीकडं गोठ्यात म्हैस रेकली. "येतंय की. तू फिर निवांत."

संसाराला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचं खोटं कानाला कळतं. फवारणी झाली का विचारल्यावर, झाली नसेल तर, बालाजी अगदी याच आवाजात 'व्हतंय की' म्हणत. तिनं फोन ठेवला. समोर दरीत धुकं भरलं होतं. चहाच्या मळ्यांच्या ओळी त्यात अर्ध्या बुडालेल्या दिसत होत्या.

वर्षाराणी मुदखेडची. वडील रेल्वेत खलाशी, घर रुळांच्या कडेला. जंक्शनचं गाव, एक गाडी नांदेडकडं निघाली की दुसरी निजामाबादकडून आलेली असायची. तारेच्या कुंपणाला धरून उभं राहायचं आणि डब्यांच्या खिडक्यांतली माणसं बघायची, हे तिचं लहानपण. बारावी झाली आणि तिला रेणापूरजवळच्या एका गावात दिली. काळी जमीन, ऊस, हरभरा, आणि लांबलांबपर्यंत शिट्टीचा आवाज नाही. पहिली काही वर्षं त्या शांततेचाच तिच्या कानात आवाज होत राहायचा.

सासू कस्तुराबाई लवकर गेल्या. उरले सासरे, शेषेराव. तिच्या तोंडी ते मामा. कडक माणूस, बोलणं तुटक. घरात बाप-लेक दोघं असले तरी फक्त पंख्याचा आवाज यायचा. बैल, मोटार, पाळी, एवढ्यावर त्यांचं बोलणं संपे. पुढं मामांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. त्यांनी तो कुणाला सांगितला नाही आणि लातूरच्या डॉक्टरांकडं नेलं तोवर उशीर झाला होता. रोज पहाटे वावराला फेरी मारणारा माणूस धुण्याच्या दगडावर येऊन बसू लागला. ती त्यांना कोरा चहा आणून देई. एका हातात गुळाचा खडा, दुसऱ्या हातात बशी. गूळ चावायचा, वर घोट घ्यायचा.

असंच एकदा त्यांनी विचारलं, "पोरी, आभाळ कसं हाय?"

"चांगलं आहे मामा."

"चांगलं म्हंजी काय? रंग सांग."

तिनं मान वर करून पाहिलं, आणि तिला कळलं की इतकी वर्षं या घराच्या अंगणात उभं राहून आपण आभाळाकडं कधी पाहिलेलंच नाही.

तिथून ते सुरू झालं. ती बघायला शिकली, कारण सांगायचं होतं. लातूरच्या बाजारात गेली की, उदगीरला लग्नाला गेली की डोळे भरभरून घेऊन यायची आणि दुसऱ्या पहाटे चहासोबत सगळं उतरवून ठेवायची. मामा मध्ये मध्ये विचारत. पाणी किती खोल होतं? माती हातात घेऊन पाहिलीस का? तिकडली माणसं चुलीत काय घालतेत? ते मान थोडी डावीकडं कलती करून ऐकत, कारण त्या कानानं त्यांना जास्त ऐकू यायचं. बालाजी गोठ्यातून म्हणायचे, "आमच्या बापाचं रेडिओ स्टेशन हाय ही." म्हणायचे हसून, पण स्वतः कधी येऊन बसले नाहीत.

मामा गेले ते थंडीत, झोपेत. दहाव्याला सगळे रेणा नदीच्या काठावर जमले. पिंड ठेवला आणि माणसं लांब सरकून कावळ्याची वाट बघू लागली. कावळे होते. बाभळीवर बसले होते, बघत होते. पण एकही खाली येईना. माणसाची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी एकेक करून पुढं यायचं आणि वचन द्यायचं, ही रीत. बालाजींनी हात जोडले आणि विहिरीचं वावर कधी विकणार नाही म्हणाले. कावळा आला नाही. नातू सत्यमनं शिक्षण अर्धं सोडणार नाही म्हणून सांगितलं. नणंद उज्वला रडत बापाला म्हणाली, दादा, माझ्या मनात वाटणीचं काही नाही. तरी नाही. एका चुलतभावानं पिंडाशेजारी तंबाखूची पुडी ठेवली, तेव्हा भुकेल्या माणसांतही हसू पिकलं.

मामांचे जुने स्नेही शरणप्पा उदगीरहून आले होते. त्यांची मोंढ्यात अडत होती. ते लिंगायत; त्यांच्यात पिंडही नाही आणि कावळाही नाही. ते आपले छत्री टेकवून दगडावर बसले होते. म्हणाले, "आमच्यात हे लचांड न्हाई बगा. आमी माणसाला बसवतो, माती देतो. त्यो बी मोकळा, आमी बी मोकळे."

ऊन चढलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा वर्षाराणी उठली. सुनेनं पुढं होण्याची पद्धत नव्हती, पण अडवायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. पिंडासमोर उभं राहून ती हळू म्हणाली, "मामा, तुमचा पहाटेचा चहा मी चुकवणार नाही. रोज देईन. आणि बघितलेलं सगळं सांगेन. मी आहे तोवर."

शेवटचा शब्द तोंडातून सुटला आणि बाभळीवरून एक कावळा सरळ खाली आला. राखी मानेचा. त्यानं पिंडाला चोच लावली.

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. शरणप्पांनी मात्र तिला जाताना गाठलं. त्यांनी तिचे शब्द ऐकले होते. म्हणाले, "अव्वा, मला तुमच्यातलं काही कळत न्हाई. पण मी जलमभर सौदे केलेत. वचन द्यावं ते संपणारं द्यावं. घर बांधीन, लेक उजवीन. झालं की दोघं सुटतेत. तू तर मुदतच न्हाई घातलीस."

त्या वेळी तिला ते व्यापाऱ्याचं बोलणं वाटलं. दुसऱ्या पहाटे तिनं दगडावर बशी ठेवली, शेजारी गुळाचा खडा, आणि राखी मानेचा कावळा आला. त्यानं चोच बुडवली, वर केली, आणि मान डावीकडं कलती करून थांबला. तिनं आभाळ सांगितलं. हरभरा सांगितला. तो उडाला.

तेव्हापासून ती कुठं मुक्कामाला राहिली नाही. मुदखेडला भाचीचं लग्न होतं. हळद लावून त्याच दिवशी परतली. आई आजारी पडली तेव्हा दिवसा जायची, रात्री यायची. आई म्हणायची, अगं, एक रात्र तरी माझ्याजवळ झोप. आईला ती काय सांगणार? आई बरी झाली, पण ते वाक्य वर्षाराणीच्या कानात राहिलं ते राहिलंच. पुनम सगळं बघत होती. वर्षश्राद्ध झालं, मामा पितरांत गेले असं भटजींनी सांगितलं; तरी दुसऱ्या दिवशी कावळा आला, आणि वर्षाराणीनं बशी ठेवली. तेव्हा पुनमनं कुणाला न विचारता आईचा पासपोर्ट काढायला टाकला. बशीची जबाबदारी पप्पांवर दिली. "बघू या," ती म्हणाली होती, "तू नसलीस तर आभाळ पडतंय का."

पडवीच्या कठड्यावर कुणीतरी कप ठेवल्याचा आवाज झाला, तशी वर्षाराणी भानावर आली. त्या तिघी उतरल्या होत्या त्या घराची मालकीण उभी होती. तिला सगळे अक्का म्हणत. लातूर-उदगीरकडंही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळं ते नाव तिच्या जिभेवर आपसूक बसलं होतं. अक्का मळ्यातल्या तमिळ बायांपैकी. ऐन उमेदीत ती कुवेतला घरकामाला होती आणि तिथला स्वयंपाकी हैदराबादचा, म्हणून तिला हिंदी यायचं. तेही नांदेडच्या बाजारात ऐकू येतं तसं. समुद्रापलीकडच्या डोंगरात कुणी "हौ" आणि "नक्को" म्हणताना ऐकलं, तेव्हा पहिल्या दिवशी वर्षाराणीला हसू आवरलं नव्हतं.

आजच्या कपात कोरा चहा होता आणि बशीत गुळाचा काळसर खडा.

तिनं खड्याकडं पाहिलं. "ये किसने बोला?"

"किने बोलना?" अक्का म्हणाली. "हमारे में ऐसाच पीते. गूळ चाबना, चा पीना."

असेलही. जगात गूळ चावून चहा पिणारे एक मामाच होते असं थोडंच आहे. तिनं घोट घेतला. चहा कडक होता, गुळाला धुराचा वास होता. तिनं वही उघडली.

ही वही तिनं मामांसाठीच आणली होती. प्रवासात पाहिलेलं लिहून काढायचं आणि परत गेल्यावर दगडापाशी बसून वाचायचं, म्हणजे चुकलेले दिवस भरून निघतील. तिचं अक्षर गावात नावाजलेलं. लग्नपत्रिकेचा मजकूर असो की सत्काराचं मानपत्र, लोक तिच्याकडंच येत. लिहायला बसलं की तिला वेळेचं भान राहत नसे. तसंच आजही झालं. धुकं वर चढलं, विरलं, ऊन पडवीत आलं. खाली मळ्यात पाठीला टोपल्या लावलेल्या बाया दिसू लागल्या. ती लिहीत होती.

हात दुखून आला तेव्हा तिनं मागची पानं वाचून बघितली.

"आगगाडी निळी होती. बोगदे पुष्कळ. नाही, भीती नाही वाटली. हो, दारात उभी राहिले, पण धरून. माती तांबडी आहे. नाही, आपल्यासारखी चिकटत नाही, हातात घेऊन पाहिली. पाणी नळीनं डोंगरातून आणलंय, विहीर कुठं दिसली नाही. सरपण चहाच्याच जुन्या झाडांचं. हो, धूर होतो. कडवट. नाही, पुनम बरी आहे, लग्नाचं अजून काही बोलत नाही."

पानंच्या पानं अशी होती. अर्धं संभाषण लिहिलेलं आणि अर्धं गाळलेलं. फोनवर बोलणाऱ्या माणसाचं शेजारच्याला ऐकू यावं तसं. तिनं प्रश्न लिहिले नव्हते. तिला ते ऐकू आल्याचंही आठवत नव्हतं. पण उत्तरं तर तिच्याच अक्षरात होती, एका लयीत, कुठं खाडाखोड नाही.

शेवटच्या पानाच्या तळाशी, शाई अजून ओली दिसत होती तिथं, एक ओळ होती.

"हो मामा, दिसताय. कठड्यावर."

तिनं मान वर केली नाही. कपाच्या कानावर बोट ठेवून ती तशीच बसली. कप गार झाला होता. मग तिनं बघितलं.

कठड्यावर कावळा होता. पण आपल्याकडचा नव्हे. राखी मान नव्हती. डोमकावळा होता, सगळा काळा, जाड चोचीचा. हा तो नव्हेच, तिनं स्वतःला सांगितलं. तिचा श्वास जरा सैल झाला. तेवढ्यात कावळ्यानं मान डावीकडं कलती केली आणि तो थांबला.

तिनं वही मिटली. तो हलला नाही. ती दुसरीकडं तोंड करून बसली; पाठीला त्याचं असणं जाणवत राहिलं, दुपारी झोपलेल्या माणसाला उशाशी कुणी येऊन उभं राहिल्याचं जाणवतं तसं.

अक्का पुन्हा चहा घेऊन आली. या खेपेला दोन कप होते. एक तिच्यापुढं, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं.

"दो किस लिए?"

"तुम बातां कर रहे थे ना कबसे," अक्का म्हणाली. "मैं समझी कोई आया."

"मैं तो लिख रही थी. किससे बात करूंगी?"

"वो मेरे कू क्या मालूम."

वर्षाराणीनं फोन उचलला. घंटी बराच वेळ वाजली. बालाजी वावरातून आल्यासारखे धापा टाकत होते. तिनं विचारलं, "खरं सांगा. येतो का?"

ते म्हणाले, "न्हाई. तू गेल्यापास्नं न्हाई आला. चहा तसाच ऱ्हातोय. मुंग्या लागतेत. मग मी वततो तुळशीत."

"तुम्ही काही सांगता का त्यांना?"

"काय सांगू?" त्यांचा आवाज एकदम चढला आणि तसाच खाली आला. "जित्तेपणी दोन शब्द न्हाई बोललो वर्षा. आता कावळ्याशी बोलत बसू?"

फोन ठेवला तेव्हा तिला सगळं सरळ समजलं. शरणप्पा बरोबर होते. मी आहे तोवर, असं ती म्हणाली होती. म्हणजे ती असेल तिथं. दगड, अंगण, गाव याचा त्यात संबंधच नव्हता. आंधळा म्हातारा माणूस तिच्या मागं समुद्र ओलांडून आला होता, बशीभर चहासाठी आणि आभाळाच्या रंगासाठी. तिला मामांचं भय वाटलं नाही. ज्यांना इतकी वर्षं हाताला धरून दगडापाशी आणलं, त्यांचं भय कसलं? भय वाटलं ते याचं, की याला शेवट नाही. आईच्या उशाशी एक रात्र काढायची म्हटली तरी तिथल्या खिडकीत हा येऊन बसेल. उद्या ती मरायला टेकेल तेव्हाही कुणीतरी मान कलती करून विचारील, तिकडं कसं दिसतंय, सांग. आणि तोवर यांचं काय? पितरांत जायचं सोडून एक म्हातारा माणूस कुठल्या कुठल्या कठड्यांवर बसत फिरणार.

दुपारी अक्का भाताची मूठ घेऊन पडवीच्या टोकाला आली. तिनं तोंडानं कावळ्यांना हाक घातली. छपरांवरून, झाडांवरून कावळे उतरले. तिनं भात टाकला, त्यांनी खाल्ला. मग तिनं दोन्ही हातांनी टाळी वाजवली, "पो, पो" म्हणाली आणि पाठ फिरवून आत निघाली. पो म्हणजे जा. मुदखेडच्या फलाटावर निजामाबादकडच्या तेलगू बाया बोचक्यांभोवती घोटाळणाऱ्या शेळ्यांना असंच म्हणत.

कावळे उडून गेले. कठड्यावरचा डोमकावळा मात्र राहिला. त्यानं भाताकडं बघितलंही नव्हतं.

अक्का थबकली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग वर्षाराणीकडं, मग समोरच्या न प्यालेल्या कपाकडं. "इने हमारावाला नहीं," ती म्हणाली. "तुमारे साथ आया. तुम लोगां भेजते नहीं क्या?"

वर्षाराणीनं तिला तुटक हिंदीत सांगायचा प्रयत्न केला, की आमच्यात निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. मोठ्या माणसाला जा म्हणायचं नसतं. दारातून निघालेल्या पाहुण्यालाही आम्ही या म्हणतो.

"हमारे में बी वैसाच," अक्का म्हणाली. "पन इस काम में बोलना पड़ता. नहीं बोले तो खड़े रहते, बिचारे. उनकू बी तो जाना है ना."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज येऊ लागला.

वर्षाराणीनं आधी अक्काचाच शब्द उसना घेतला. "पो," ती म्हणाली. कावळ्यानं नुसतं पाहिलं. दुसऱ्याच्या शब्दानं हे होणार नव्हतं, आणि स्वतःचा शब्द जिभेवर येत नव्हता. ज्या माणसापुढं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्याला जा म्हणायचं. तिनं समोरचा कप उचलला, चहा बशीत ओतला, गुळाचा खडा ठेवला आणि घोट्याची कळ सोसत बशी कठड्यावर नेली. कावळा मागं सरला नाही. त्यानं चोच बुडवली.

तो पीत होता तोवर तिनं सगळं सांगितलं. मळ्यांचा हिरवा आपल्या हरभऱ्याच्या हिरव्याहून काळा आहे. बायांच्या टोपल्या पाठीवर आहेत, पण बांधलेल्या कपाळाला आहेत. पट्टा कपाळावरून जातो, म्हणून त्या मान खाली घालून चालतात. दरीच्या तळाशी पाणी आहे, इथून दोरीएवढं दिसतं. आभाळ धुतलेल्या धोतरासारखं आहे, निळीचं बोट जास्त पडलेलं. तिनं काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही. सांगता सांगता तिला वाटलं, इतकं नीट आपण आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

बशी रिकामी झाली. मान कलती झाली. प्रश्न काय आहे, ते तिला आता स्पष्ट कळलं. मग निघायचं का, घरी?

"मी मागून येते," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं." तेवढ्यानं होणार नाही, हेही तिला कळत होतं. तिनं कठडा घट्ट धरला. "मामा, आता तुम्ही जा."

शब्द निघाला. दारातल्या माणसाच्या तोंडावर कडी लावावी तसं वाटलं. कावळा तिच्याकडं बघत राहिला, इतका वेळ, की पुन्हा म्हणावं लागेल या विचारानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो उठला. पंखांचा आवाज झाला नाही. आगगाडी ज्या बाजूनं आली होती, त्या बाजूला, दरीवरून, तो ठिपका होईस्तोवर दिसत होता.

ती खुर्चीत येऊन पडली आणि तिला झोप लागली. दिवसा झोपायची तिला सवय नव्हती. जाग आली ती फोननं. ऊन पायांवरून सरकलं होतं.

"आलाय," बालाजी दबक्या आवाजात म्हणाले.

"कोण?"

"कोण म्हंजी? दगडावर बसलाय. भर उन्हाचा. बशी न्हाई, काय न्हाई. हालंना झालाय."

"मान राखी आहे?"

"हाय." त्यांचा आवाज आणखी खाली आला. "माझ्याकडंच बगून राहिलाय गं. असा, मान वाकडी करून. तू बोल त्याच्याशी. मी फोन धरतो दगडापाशी."

वर्षाराणीच्या ओठांवर वाक्यं तयारच होती. मामा, पोचलात का. एवढं म्हटलं असतं की झालं असतं. सगळं पुन्हा जिथल्या तिथं. तिनं ओठ मिटून घेतले. मग म्हणाली, "तुम्ही बोला."

"मला कुठं येतंय?"

"दिसतंय ते सांगा. आभाळापासून सुरू करा."

खरखर झाली. त्यांनी फोन बंद न करताच कुठंतरी ठेवला असावा. कोंबड्यांचा आवाज आला. एक घसा खाकरला गेला. आणि मग, लांबून, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे बालाजी बोलू लागले.

"दादा... आभाळ मोकळं हाय. ढग न्हाई." थांबले. "हरभरा भरलाय. घाटं चांगलं धरलेत."

शांतता.

"न्हाई, अजून न्हाई उपटला. पुढल्या आठवड्यात."

शांतता.

"हाव. सत्यमनं बसवली मोटार. चालतीय." आणि पुन्हा थोडं थांबून, "पाणी गुडघ्याच्या वर. न्हाई, कमी न्हाई झालं."

वर्षाराणीनं फोन कानाला इतका दाबून धरला की कान दुखू लागला. मधल्या जागांत काही ऐकू येतं का, ती ऐकत होती. तिथं वारा होता. कोंबड्या होत्या. आणखी काही नव्हतं. बालाजींचा आवाज मात्र सैल होत चालला होता. ते एकदा चक्क हसले, "न्हाई ओ दादा, तसं काय न्हाई," असं म्हणून. आणि हे हसू तिनं लग्न झाल्यापासून त्या घरात कधी ऐकलेलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "येत जावा की. रोज येत जावा. मी सांगत जाईन."

"अहो," ती ओरडली, "तसं नका म्हणू. मुदत घाला. अमुक दिवसापर्यंत म्हणा."

पण फोन दगडावर होता, आणि बालाजी ऐकत होते ते दुसऱ्याच कुणाचं. ते विहिरीकडच्या बांधाविषयी सांगू लागले, त्यांच्या लहानपणीच्या एका बैलाविषयी. तिनं आणखी एकदा हाक मारायला तोंड उघडलं आणि मारली नाही. थोड्या वेळानं तिनंच हळूच फोन बंद केला.

अक्कानं तिसऱ्यांदा चहा आणला. एकच कप. काही न विचारता ती रिकामी बशी उचलून घेऊन गेली.

वर्षाराणीनं वही पुढं ओढली, टोपण काढलं, नवं पान काढलं आणि थांबली. कुणी काही विचारलं नाही. तिनं बराच वेळ वाट पाहिली. दरीत धुकं परत येऊ लागलं होतं, बाया टोपल्या घेऊन चढणीला लागल्या होत्या, आणि समोर डोंगर होता. त्या वेळी त्याचा रंग कुणी विचारला असता तर तिला सांगता आला नसता. ती नुसतीच बघत बसली, चहा गरम होता तोवर.